दार कोणत्या बाजूचं

विशालचा फोन आला तेव्हा मी आईच्या गुडघ्यांना तेल चोळत होते.

"पायल दीदी, गुड न्यूज है," तो म्हणाला. "विमान मिल गया."

माझा हात तिथेच थांबला. आईने माझ्याकडे पाहिलं.

"मतलब पूरा नहीं, एक टुकडा मिला है. लेकिन दीदी, यही टुकडा आपके भाई को बेगुनाह साबित करेगा. मैं आधे घंटे में भनपुरी पहुँचता हूँ."

आमच्या भनपुरीच्या घरी येऊ नको म्हणायच्या आत त्याने फोन ठेवला. विशालची ही पद्धतच आहे. रायपुरात त्याचा मोबाईलवर चालणारा एक चॅनेल आहे आणि त्यावर तो न उलगडलेले गुन्हे रंगवून सांगतो. आमच्या विमानावर त्याने इतके व्हिडिओ केले की मी मोजणं सोडून दिलं. एकात कॅप्टन दोषी, एकात परदेशी हेर दोषी, आणि सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओत माझा दादा. त्यात दादाच्या फोटोभोवती लाल गोल काढलेला होता. हाच फोटो आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेला आहे. तो त्याला कुठे मिळाला, हे मी अजून विचारते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तीस वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. माझा मोठा भाऊ यशदीप सोमकुवर एका खासगी कंपनीत नुकताच को-पायलट म्हणून लागला होता. कंपनीची छोटी विमानं भाड्याने जायची. त्या सकाळी रायपूरच्या माना विमानतळावरून एक विमान जगदलपूरला निघालं. कॅप्टन होते अनंतराव मोहरील, शेजारच्या सीटवर दादा, आणि मागे एकच प्रवासी. त्याने दिलेलं नाव आणि पत्ता दोन्ही खोटे होते, हे मागाहून कळलं. विमान उडाल्यावर थोड्याच वेळात रेडिओवर कॅप्टनचा आवाज आला की प्रवाशाजवळ पिस्तूल आहे, तो सांगतो तिकडे वळतो आहे. त्यानंतर काहीच नाही. कोणी खंडणी मागितली नाही, कोणी जबाबदारी घेतली नाही. विमान कुठे उतरलं नाही आणि कुठे पडलेलंही सापडलं नाही.

विमानतळावरच्या एका हमालाने सांगितलं की दादाने त्या प्रवाशाची बॅग उचलून विमानात ठेवली. बस, एवढंच. माझा दादा रस्त्यात कोणाचीही बॅग उचलणारा माणूस होता. पण चौकशी समितीने दोनच दिवसांत लिहून टाकलं की विमानातल्याच कर्मचाऱ्याच्या संगनमताने विमान अज्ञात धावपट्टीवर नेलं असावं. हा कर्मचारी कोण, हे वर्तमानपत्रांनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं. 'कोट्यातला पायलट' असं छापलं होतं एकाने. जणू सरकारी शिष्यवृत्तीवर विमान शिकलेला माणूस विमान चोरण्यासाठीच शिकला होता.

माझे बाबा, गुलाबराव, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. त्यांना पोलिसांनी नेलं आणि पोरगा कुठे लपवला म्हणून विचारत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या एका कानाला ऐकू येत नव्हतं. ते पुन्हा कधी विहारात गेले नाहीत. "लोकं बसायले जागा देतात, पण सरकून देतात," म्हणाले. चार वर्षांनी गेले.

आणि एक दिवस कॅप्टन मोहरीलांच्या बायको, पद्मिनीबाई, आमच्या दारात आल्या. अख्ख्या गल्लीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या मुलानं माझ्या नवऱ्याचा घात केला. तो कुठे आहे ते सांगा, नाहीतर तुमचं कधी भलं होणार नाही." आई तेव्हा तांदूळ निवडत होती. सूप हातात धरून ती तशीच उभी राहिली.

तर, विशाल आला. त्याने मोबाईल काढून फोटो दाखवला. चेमटलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, साधारण हातभर लांब, त्यावर निळ्या पट्टीचा उरलेला रंग आणि मधोमध एक मुठीसारखी कडी.

"ये पीछे का दरवाज़ा है, पॅसेंजर वाला," तो सांगू लागला. "हँडल देखो दीदी, ओपन पोझिशन में है. मतलब हवा में दरवाज़ा खोला गया. पॅसेंजर पॅराशूट से कूदा. आपका भाई क्लीन है! पंडरी में मोठा प्रोग्राम करून राहिलो मी. एक्सपर्ट लोग बैठेंगे. आप और माताजी आ जाओ."

"हे कुठे सापडलं?" मी विचारलं.

"वो अभी नहीं बता सकता. एक्सक्लूजिव है."

"पोलिसांना दिलं?"

"अरे दीदी, पुलिस को देंगे तो गोदाम में सड़ेगा."

"विमानाचा तुकडा सापडला, ज्या विमानात तीन माणसं होती, आणि तू जागा सांगत नाहीस? तिथं अजून काही पडलं असेल तर?"

"प्रोग्राम के बाद, दीदी. सब बताऊँगा."

आई इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. भीमाबाई सोमकुवर, वय ऐंशीच्या पुढे. ती कोणाला फारसं रागावत नाही. पण त्या दिवशी म्हणाली, "माह्या पोराले निर्दोष करणारा तू कोण रे? तूच त्याच्याभवती लाल गोल काढला होता नं? आता मिटवाले आला? चाल, निघ."

तो हसत हसत निघाला. जाताना मला म्हणाला, "माताजी इमोशनल हैं. आप तो आओ."

"मीही येणार नाही," मी म्हणाले.

आणि मी खरंच जाणार नव्हते. पण दोन दिवसांनी मी ऑफिसमधून परत येताना पंडरीच्या चौकात त्याचा फलक पाहिला. त्यावर पत्र्याचा फोटो, खाली कॅप्टन आणि दादा शेजारी शेजारी, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'गद्दार कौन?' सिग्नल लागला होता. माझ्या मागच्या गाडीवरचं जोडपं तो फलक वाचत होतं. मुलगी म्हणाली, "मुझे तो ये यंग वाला लगता है." तिने चाट किंवा आईस्क्रीम निवडावं तसं माझ्या भावाला निवडलं.

मी कार्यक्रमाला गेले.

कापडबाजाराच्या मागचा तो हॉल भरला होता. मी शेवटच्या रांगेत बसले, ओढणी डोक्यावरून घेऊन. मंचावर टेबल होतं, त्यावर लाल मखमलीचं कापड आणि त्यावर तो पत्रा. मागे तीन पुरुष होते. विशाल, एक निवृत्त पायलट आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी. आणि त्यांच्या बाजूला एक म्हातारी बाई, इस्त्रीची सुती साडी, पांढरे केस नीट बांधलेले. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. त्या पद्मिनीबाई होत्या.

चर्चा सुरू झाली. निवृत्त पायलट समजूतदार होता. तो म्हणाला, "हा पत्रा त्याच विमानाचा आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. आणि कडी उघडी दिसते म्हणून कोणी उघडली असं म्हणता येत नाही. विमान आदळलं तरी कडी फिरते, तीस पावसाळ्यांतही फिरते." पोलीस अधिकारी टेबलावर हात आपटून म्हणाला, "एव्हिडन्स इज एव्हिडन्स." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी टाळ्या वाजवतो आहोत हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मग विशाल उठला.

"दोस्तों, अब ध्यान से देखिए," तो पत्रा दोन्ही हातांनी उचलून म्हणाला. "ये दरवाज़ा कौन सा है? ये दाहिनी तरफ का है. को-पायलट की तरफ का! मतलब कौन कूदा? कॅप्टन साहब तो आख़िरी दम तक अपनी सीट पर बैठे थे. आज तीस साल बाद हम एक शहीद की पत्नी को इंसाफ देंगे."

पद्मिनीबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

मी कशी उभी राहिले आणि मंचापर्यंत कशी गेले, मला आठवत नाही.

"रविवारी तू माझ्या घरात बसून काय म्हणाला होतास? हे मागचं दार आहे, प्रवाशाचं. माझा भाऊ निर्दोष आहे. म्हणाला होतास की नाही?"

विशालने पत्रा टेबलावर ठेवला. "दीदी, आप... बैठिए, बाद में..."

"बाद में नाही. आत्ता सांग. दार कोणत्या बाजूचं आहे?"

"देखिए, दोनों थ्योरी ओपन हैं. इसी पे तो डिबेट है."

मागून कोणीतरी ओरडलं, "ये उसकी बहन है!" मोबाईल वर झाले. पोलीस अधिकारी म्हणाला, "मॅडम, भावना समजतो, पण हे व्यासपीठ आहे."

तेवढ्यात पद्मिनीबाई उठल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, विशालकडे पाहत होत्या.

"तू हिला खरंच असं सांगितलंस?"

"आंटी, वो तो..."

"मला माझ्या घरी देव्हाऱ्यासमोर बसून म्हणालास, उजवीकडचं दार आहे. शपथ घेतलीस. आणि हिला म्हणालास मागचं." त्यांचा आवाज शिक्षिकेचा होता, आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेल्या. माईकची गरज पडली नाही. "माझा नवरा मेला की जिवंत आहे हे मला तीस वर्षं माहीत नाही. त्याची तू डिबेट करतोस? तुला लाज नाही वाटत?"

"आंटी, प्लीज, लाइव्ह चल रहा है."

"चालू दे."

मी पत्रा उचलला. वाटला त्यापेक्षा हलका होता, पण कडा धारदार होत्या. विशालने दुसरं टोक धरलं. "ये मेरी प्रॉपर्टी है!" तो ओरडला. तेव्हा पद्मिनीबाईंनी त्याच्या हातावर फटका मारला. जोरात. हात सुटला, आणि ते टोक त्यांनी धरलं. अशा आम्ही दोघी तो पत्रा घेऊन हॉलच्या पायऱ्या उतरलो. लोक बाजूला झाले. मागे मागे मोबाईल येत राहिले. बाहेर ऑटोवाल्याने विचारलं, "कहाँ जाना है, दीदी?"

"पुलिस थाने," मी म्हणाले.

ऑटोत आम्ही तो पत्रा मांड्यांवर आडवा धरून बसलो होतो. माझ्या बोटातून रक्त येत होतं. पद्मिनीबाईंनी रुमाल पुढे केला. मी घेतला नाही. मी ओढणीची कडा त्या बोटाला दाबून धरली आणि बाहेर पाहत राहिले. मला त्यांचा रुमाल नको होता.

ठाण्यातला साहेब आधी हसला. "ये कबाड़ लेके कहाँ घूम रहे हो आप लोग?" त्याला विमानाचं नावही ठाऊक नव्हतं, तो तेव्हा जन्मला होता की नाही कोण जाणे. पण पद्मिनीबाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथून हलणार नाही. तुम्ही लिहून घ्या." आणि त्या खरंच हलल्या नाहीत. तोपर्यंत हॉलमधला व्हिडिओ सगळीकडे पोचला होता. साहेबाला वरून फोन आला, त्याचा हसरा चेहरा बदलला आणि त्याने लिहून घेतलं.

विशालला बोलावून जागा विचारली. तो सिहावाच्या जंगलातल्या एका पाड्यावरून तो पत्रा घेऊन आला होता. तिथल्या एका घरात तो कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून होता.

दिल्लीहून विमान खात्याच्या तपास अधिकारी आल्या, शर्मिष्ठा नावाच्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी पत्रा आतून घासला तेव्हा ठोकलेला क्रमांक निघाला. तो त्याच विमानाचा होता. मला आणि पद्मिनीबाईंना एकाच खोलीत बसवून त्यांनी हिंदीत सांगितलं, "पण हे दार नाही. ना मागचं, ना उजवीकडचं. विमानाच्या नाकाजवळ सामान ठेवायचा कप्पा असतो, हे त्याचं झाकण आहे. ते आदळल्यावर उडून जातं. यावरून कोणी उडी मारली की नाही, काहीच सांगता येत नाही."

मला हसू आलं. खोटं नाही सांगत, मी मोठ्याने हसले. तीन पुरुष एका सामानाच्या झाकणावर मखमल टाकून दोन घरांचा निकाल लावत होते.

"मग याचा उपयोग काय?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"उपयोग एवढाच की विमान कुठे आहे ते आता कळेल," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या.

त्या पाड्यापर्यंत आम्हीही गेलो. मला कोणी नको म्हणू शकलं नाही. अभनपूर, धमतरी, नगरी, आणि त्यापुढे गाडी सोडून पायी. ज्या घरात तो पत्रा होता तिथली बाई घाबरून गेली होती. तिने सांगितलं की सासऱ्याने तो वरच्या दरीतून आणला होता, फार वर्षांपूर्वी. तिथे अजून आहे लोखंड. सासऱ्याने तेव्हा जंगल खात्याच्या शिपायाला सांगितलंही होतं. शिपाई म्हणाला, चुप रह, नाहीतर तुलाच नेतील. त्या काळात त्या दरीकडे बंदुका घेतलेली माणसं फिरायची, म्हणून बाकीचेही तिकडे जाईनासे झाले.

तपासपथक दरीत उतरलं. आम्हाला वर थांबवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शर्मिष्ठा मॅडम वर आल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच पद्मिनीबाई खाली बसल्या.

विमान सापडलं होतं, झाडांखाली, तुकड्या तुकड्यांत. पण विमानापासून थोडं दूर एका खडकाखाली कपार होती. तिथे विमानाच्या दोन सीटच्या गाद्या शेजारी शेजारी टाकलेल्या होत्या. कपारीच्या तोंडाशी एक पत्रा दगडांनी टेकवून आडोसा केला होता. आत हाडं होती, थोडीच. आणि एका पायाच्या हाडाला विमानाच्या सीटचा पट्टा गुंडाळलेला होता, मधे लोखंडाची पट्टी घालून. तुटलेला पाय बांधतात तसा.

"म्हणजे?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे विमान पडल्यावर निदान एक माणूस जिवंत होता," त्या म्हणाल्या. "आणि त्याने दुसऱ्याला सांभाळलं."

"किती दिवस?"

"ते सांगता येणार नाही."

"किती दिवस?" मी ओरडले. त्यांचा काही दोष नव्हता. पण ओरडायला दुसरं कोणी तिथे नव्हतं.

हाडांच्या तपासणीसाठी माझ्या आईचं रक्त घेतलं. पद्मिनीबाईंचा मुलगा सुशील पुण्याहून आला आणि त्याने दिलं. अहवाल यायला बरेच महिने लागले. बांधलेला पाय कॅप्टन अनंतराव मोहरीलांचा होता. दुसरी हाडं यशदीपची होती. तिसरा माणूस नाही. पिस्तूल नाही. त्या प्रवाशाचं काय झालं, तो कोण होता, त्याला काय हवं होतं, हे आजही कोणालाच माहीत नाही, आणि मला वाटतं कधी कळणारही नाही.

पण मी दुसऱ्याच एका गोष्टीवर अडकले. तेव्हाची शोधमोहीम तिसऱ्या दिवशी बंद केली होती. हे मी जुन्या कागदांत वाचलं होतं, पण त्याचा अर्थ मला कधी कळला नव्हता. विमान पळवून अज्ञात धावपट्टीवर नेलं असं एकदा ठरल्यावर जंगलात शोधायची गरजच काय? हेलिकॉप्टर परत गेलं. माझ्या भावाला गद्दार ठरवल्यामुळे त्याला शोधलं नाही. तो कपारीत कॅप्टनचा पाय बांधून वर बघत बसला असेल, आणि त्याच वेळी माझ्या बापाला कोठडीत विचारत होते, सांग पोरगा कुठे लपवला.

पायी चालू शकणारा माणूस होता तो. दरीतून वर येऊ शकला असता. जखमी माणसाला सोडून निघाला असता तर कदाचित वाचला असता. माझा दादा. त्याला कोणाची बॅगही उचलल्याशिवाय राहवत नसे.

अहवालानंतर एक दिवस पद्मिनीबाई भनपुरीला आल्या. एकट्या, हातात काही नाही. आई दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. गल्लीत पाण्याचा टँकर आला होता, सगळ्या बाया बाहेर होत्या.

"भीमाबाई, मी माफी मागायला आले," त्या म्हणाल्या.

आईने त्यांना बस म्हटलं नाही.

"तू इथंच उभी होती त्या दिवशी," आई म्हणाली.

"हो."

"अख्खा पारा, सारी गल्ली ऐकून राहिली होती."

"हो."

"तेव्हा तू हळू बोलली नोती. मग आता काहून हळू बोलून राहिली? तशीच उभी राय, आन तशीच जोरानं बोल."

मला वाटलं पद्मिनीबाई परत जातील. त्या वळल्या, गल्लीकडे तोंड केलं आणि उभ्या राहिल्या. मग तोच शाळेतला आवाज निघाला.

"यशदीप सोमकुवरनं माझ्या नवऱ्याचा तुटलेला पाय बांधला. त्याला सोडून तो गेला नाही. म्हणून तोही मेला. मी या दारात येऊन खोटं बोलले होते. गुलाबराव गेले, त्यांना हे ऐकायला मिळालं नाही, त्याला मीही कारण आहे."

टँकरजवळ पाणी वाहून जात होतं, कोणी नळी धरत नव्हतं. आई मला म्हणाली, "पायल, तिले पाणी दे."

एवढंच. गळ्यात पडणं नाही, रडणं नाही. पद्मिनीबाई उभ्याउभ्याच पाणी प्यायल्या आणि त्यांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला. "पुढे काय करायचं ठरवलंस?" त्यांनी मला विचारलं.

"कोर्टात जाणार आहे," मी म्हणाले. "शोध कोणी थांबवला, कशावरून थांबवला, ते त्यांनी सांगावं."

"मी पण येते."

मला त्या आवडत नाहीत. आजही आवडत नाहीत. पण मी हो म्हणाले.

विशालने नवा व्हिडिओ टाकला. 'को-पायलट निकला हीरो.' यावेळी दादाच्या फोटोभोवती सोनेरी किरणं होती. त्याने मला मुलाखतीसाठी फोन केला. मी त्याला म्हणाले, "माझ्या भावाचा फोटो काढ. लाल गोलाचाही आणि सोनेरीही." तो म्हणाला, "दीदी, अब तो अच्छा ही बोल रहे हैं ना!" त्याला खरंच कळलं नव्हतं. मी वकिलाकडून नोटीस पाठवली. फोटो निघाला.

दादाची हाडं आम्ही विहारात नेली. भंतेजींनी परित्राण पाठ म्हटला. ज्या लोकांनी बाबांना सरकून जागा दिली होती, ते सगळे आले होते, आणि मोठमोठ्याने रडत होते. मी त्यांच्याशी बोलले नाही. आईने मात्र सगळ्यांना नमस्कार केला.

खटला बिलासपूरच्या उच्च न्यायालयात आहे. पहिल्या सुनावणीला आम्ही दोघी सकाळच्या गाडीने गेलो. सरकारी वकील तरुण होता. त्याने न्यायाधीशांना सांगितलं की प्रकरण फार जुनं आहे, तेव्हाचे बहुतेक अधिकारी हयात नाहीत, आणि आता कोणाला जबाबदार धरण्यात अर्थ नाही. त्याच्या आवाजात कंटाळा होता.

आमच्या वकिलांनी फाईल उघडायच्या आत पद्मिनीबाई बाकावरून उठल्या. "बहुतेक नाहीत म्हणजे काही आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना बोलवा."

शिपाई त्यांना बसवायला पुढे आला. मी त्यांच्या बाजूला उभी राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून आम्हा दोघींकडे पाहिलं आणि शिपायाला हाताने थांबवलं. मग त्यांनी सरकारी वकिलाला विचारलं, शोधमोहीम बंद करायच्या आदेशावर सही कोणाची आहे? वकिलाने कागद चाळले, पुन्हा चाळले. त्याच्याजवळ तो आदेश नव्हता. न्यायाधीश म्हणाले, मूळ आदेश आणि हयात अधिकाऱ्यांची नावं पुढच्या तारखेला हजर करा, नाहीतर सचिवांना बोलावू.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आईने भात टाकला होता.

"काय म्हणे?" तिने विचारलं.

"सही कोणाची ते विचारलं त्यांनी. पुढची तारीख दिली."

आई चुलीकडे वळली. "पुढच्या वेळी मले बी ने," ती म्हणाली. "मले त्या सही करणाऱ्याचं तोंड पाहाचं हाये."